हापशाचा पाना कुणाच्या हातात?

 

आज आम्ही एका यंत्राविषयी बोलणार आहोत. स्वदेशी तंत्रज्ञान हा शब्द हल्ली पेपरात आणि भाषणांत सारखा येतो. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढं रॉकेट येतं, उपग्रह येतो. ते मोठं काम आहेच. पण आपल्या देशात घडलेलं आणि जगभर गेलेलं एक यंत्र आपल्या गावातही उभं आहे. शाळेच्या भिंतीलगत, नाहीतर मारुतीच्या पाराजवळ. लहानपणापासून आपण त्याच्या दांड्याला लोंबकळलो, त्याच्यापुढं कळशांची रांग लावली. ते यंत्र म्हणजे आपला हापसा. सरकारी कागदावर त्याला हातपंप म्हणतात आणि त्याचं पूर्ण नाव आहे ‘इंडिया मार्क दोन’.

या हापशाची गोष्ट मराठवाड्याशी आणि सोलापूरशी जोडलेली आहे. ती ऐकली की एक प्रश्न आपोआप पुढं येतो. एखादं यंत्र ‘आपलं’ आहे असं कधी म्हणायचं? ते आपल्या देशात बनलं म्हणजे झालं का?

आधी गोष्ट सांगतो.

साठच्या दशकाच्या शेवटी बिहारकडे मोठा दुष्काळ पडला आणि १९७२ साली आपल्याकडं पडला. आपल्या सासवा, आज्या अजून त्या बहात्तरच्या गोष्टी सांगतात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीची भाकरी थापली. विहिरींनी तळ गाठला होता. खाली काळा पाषाण. पहार टाकली तरी ठिणगी उडायची. त्या काळात हवेच्या दाबावर खडक फोडणारी यंत्रं देशात आली. युनिसेफनं ती आणण्यात मोठी मदत केली. गावोगाव बोअर पडू लागले. खडकाच्या खालचं पाणी हाती लागलं.

पण पाणी लागणं वेगळं आणि ते वर येणं वेगळं. बोअरवर बसवायला जे पंप मिळत होते ते बिडाचे होते. त्यांची घडण अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या शेतघरांच्या पंपांवरून घेतलेली. तिकडं एका घरची चार-पाच माणसं दिवसातून काही वेळा तो पंप मारायची. आपल्याकडं त्याच पंपावर अख्खी वस्ती. पहाटे पाचला दांडा हलायला लागला की रात्रीपर्यंत थांबायचा नाही. बीड हा धातू कडक असतो, पण ठोका बसला की तडकतो. त्यात त्या पंपांना तीन-चार ठिकाणी खिळ्यांचे सांधे. प्रत्येक सांधा झिजायचा, खिळखिळा व्हायचा, मग पंप डुलायला लागायचा आणि एक दिवस मोडायचा. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी जवळजवळ पाऊण हिस्सा बंद सापडला. म्हणजे चार हापशांतले तीन नुसते शोभेचे. सरकारचा, मदत देणाऱ्यांचा, सगळ्यांचा पैसा जमिनीत गेला आणि बाईची पायपीट होती तिथंच राहिली.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हा प्रश्न सोडवायला सुरुवात कुठं झाली? जालन्यात आणि सोलापुरात. या भागात मिशनच्या लोकांनी पाण्याचं काम हाती घेतलेलं होतं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये मोडलेले पंप दुरुस्तीला यायचे. रोज तेच तेच मोडकं सामान हातात घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, ती मोठ्या कचेरीत बसलेल्याला कळत नाही. पंप नेमका कुठं मोडतो, ही ती गोष्ट. जालन्याच्या पंपात त्यांनी ते सगळे सांधे काढून एकच सांधा ठेवला. त्यावरून सुधारत सोलापूरचा पंप झाला. या सोलापूर पंपाच्या मूळ रचनेचं श्रेय एका स्वतःच शिकलेल्या देशी मिस्त्रीला दिलं जातं.

त्या पंपात काय होतं? बिडाऐवजी पोलाद, म्हणजे तडकायची भीती नाही आणि कुठलाही वेल्डर जोडू शकेल. एकच आस आणि त्याला छर्ऱ्यांचं बेअरिंग. आणि दांडा व खालची सळई यांच्यामध्ये साखळी. ही साखळी मोटारसायकलच्या साखळीच्या जातीची असते. आपण दांडा दाबला की तो गोलाईत फिरतो, पण सळई मात्र सरळ वर यायला हवी. जुन्या पंपात सळई तिरपी ओढली जायची आणि घासायची. साखळीमुळं ती ओळंब्यासारखी सरळ लटकते आणि सरळच वर येते. बघा, विहिरीवरची बादली दोरानं ओढताना आपण काय करतो? दोर चाकावरून घेतो, म्हणजे बादली कडेला घासत नाही. तीच युक्ती.

पुढं सत्तरच्या दशकाच्या मध्यात भारत सरकार आणि युनिसेफ यांनी देशभरासाठी एकच चांगला पंप ठरवायचं काम हाती घेतलं. त्यांनी हाच सोलापूरचा पंप पाया म्हणून घेतला. अटी ठरल्या. पंप दिवसभर चालला पाहिजे. बायका-मुलांना तो मारता आला पाहिजे. देशातल्या साध्या कारखान्यात, देशात मिळणाऱ्या मालातून तो बनला पाहिजे. आणि तो स्वस्त पाहिजे. मद्रासकडं त्याच्या चाचण्या आणि सुधारणा झाल्या. दांडा भरीव आणि वजनदार केला, म्हणजे खालच्या सळयांचं वजन तोलून धरता येईल आणि आपल्या हाताला ओझं कमी लागेल. खाली तीन पाय सिमेंटमध्ये पक्के गाडले, म्हणजे सांडपाणी बोअरमध्ये मुरणार नाही. हाच इंडिया मार्क दोन. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडायला लागला.

आणखी एक गोष्ट केली गेली, ती फार मोलाची. या पंपाचं पेटंट कुणीही घेतलं नाही. नकाशे सगळ्यांना खुले. मापं ठरलेली. कुणीही कारखानदार तो बनवू शकतो, फक्त दर्जा तपासून घ्यायचा. त्यामुळं एका कंपनीचा वॉशर दुसऱ्या कंपनीच्या पंपाला बसतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे ५० लाख पंप बनून बसले होते. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत ते गेले. युगांडात तर त्याला यू-दोन असं त्यांचं स्वतःचं नाव आहे.

यात मिशनचे लोक होते, परदेशी अभियंते होते, युनिसेफचा पैसा होता. स्वदेशी म्हणजे बाहेरच्या माणसाला वेशीवर अडवणं नव्हे. बाहेरून मदत घेतली, पण रचना ठरली ती आपल्या पाण्याची खोली, आपली गर्दी, आपले कारखाने आणि आपल्या बाईचा हात बघून.

आता मघाचा प्रश्न. पंप देशी झाला. मग तो गावाचा झाला का?

नाही झाला. लगेच तर नाहीच.

पंप पूर्वीपेक्षा कमी मोडत होता, पण मोडतच नव्हता असं नाही. मोडला की काय करायचं याची तीन पायऱ्यांची व्यवस्था देशात रूढ झाली. गावात एक देखभाल करणारा. तालुक्याला एक मिस्त्री. जिल्ह्याला एक गाडी आणि तिच्याबरोबर पथक. गावातल्या माणसाचं काम काय? बोल्ट आवळायचे, साखळीला ग्रीस लावायचं आणि मोठं काही बिघडलं तर कार्ड टाकून वर कळवायचं. खालचा वॉशर बदलायचा असेल तर सगळे पाईप वर काढावे लागायचे. एक पाईप ३ मीटरचा. ३० मीटर खोल पंप असेल तर असे १० लोखंडी पाईप, त्यांच्यात सळया आणि पाणी. ते काम पथकाशिवाय होणं अवघड. पथक येईपर्यंत दिवस जायचे, कधी महिने. वॉशर केवढा? हाताच्या तळव्यात मावेल एवढा.

म्हणून ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतल्या कोईमतूर भागात पुन्हा प्रयोग झाले आणि ‘इंडिया मार्क तीन’ तयार झाला. बाहेरून तो आपल्या हापशासारखाच दिसतो. फरक आत आहे. त्याचा पाईप रुंद ठेवला आहे, त्यामुळं पाईप जमिनीतच राहू द्यायचा आणि सळयांबरोबर आतला दट्ट्या व झडप वर ओढून घ्यायची. वॉशर बदलायचा आणि परत सोडायचं. गाडी नको, पथक नको. गावातल्या दोन-तीन माणसांना ते जमतं. इथं पंपाची रचनाच दुरुस्ती कोण करणार याचा विचार करून बदलली.

आणि ही दुरुस्ती करणारी माणसं म्हणजे पुरुषच असतील, असं कुठं लिहिलंय?

राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. तिथल्या संस्थेनं गावातल्या साध्या माणसांना हापशाचे मिस्त्री केलं आणि पुढं बायकांनाही ते काम शिकवलं. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमात गरीब घरच्या, बऱ्याचशा दलित समाजातल्या बायका हापसा दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम हाती आलं तसं त्यांना वाटू लागलं की कुठला पंप कधी दुरुस्त केला, काय सामान लागलं, याची नोंद आपल्याला ठेवता आली पाहिजे. म्हणजे आधी पाना आला आणि मग पेन्सिल आली. बायकांसाठी तिथं शिक्षण केंद्र सुरू झालं. त्याच भागात बायकांनी स्वतःचं छोटं वार्तापत्र काढलं आणि पुढं २००२ साली शेजारच्या चित्रकूट जिल्ह्यात ‘खबर लहरिया’ हे गावच्या बायकांनी चालवलेलं वर्तमानपत्र निघालं. जिला दुरुस्तीतलं कळतं तिला पुढं हिशोबही विचारता येतो आणि जाबही.

आता आमच्याकडचं सांगतो. आमच्या ग्रामसंघात गावातले गट आहेत आणि वस्त्यांवरचेही. एका वस्तीवर भर एप्रिलमध्ये हापसा बंद पडला. दांडा हलका लागायचा, पाणी मात्र करंगळीएवढं यायचं. अर्ज दिला. आज येतो, उद्या येतो करत पंचवीस दिवस गेले. त्या पंचवीस दिवसांत तिथल्या बायका दीड-दोन किलोमीटरवरच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. गटाच्या बैठकीला हजेरी निम्म्यावर आली. दोघींची मजुरी बुडाली, म्हणून गटाचा हप्ता चुकला. शेवटी दुरुस्ती झाली तेव्हा आम्ही तिथं उभ्या होतो. मिस्त्रीनं जुना वॉशर काढून बाजूला टाकला. एका मावशीनं तो उचलला, पदरानं पुसला आणि म्हणाली, “एवढ्याशासाठी गं?”

त्या बैठकीत विषय निघाला की आपण शिकायचं. पंचायत समितीकडं विचारणा केली, प्रशिक्षणाची मागणी लेखी दिली. पाठपुरावा करायला सहा महिने लागले. सातजणी तयार झाल्या. घरून बोलणी खावी लागली. पाईप उचलणं बायकांचं काम नाही, लुगडं अडकेल, गावात हसं होईल. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, हसू द्या, पाणी आणायला कोण येतंय हसणारं? त्यांच्या त्या एका वाक्यानं पुढच्या दोघींच्या घरचा विरोध मावळला.

सातांतल्या चौघी टिकल्या. हे काम सोपं आहे असं आम्ही सांगणार नाही. मार्क दोनचे पाईप वर काढताना अजूनही चार-पाच जणांचे हात लागतात आणि आम्ही गावातल्या तरुण मुलांना हाक मारतो. पाईप हातातून सुटून बोअरमध्ये पडला तर मोठं काम होतं, म्हणून चिमटा नीट आवळल्याशिवाय पुढचा पाईप सोडवायचा नाही, हा नियम कडक पाळतो. मजुरीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, त्यासाठी ग्रामसभेत उभं राहून बोलावं लागतं. पण आता आमच्या भागात हापसा बंद पडला तर तो महिना-महिना तसाच राहत नाही. साधं काम असेल तर दुसऱ्या दिवशी सुरू होतो. वॉशरची, नट-बोल्टची एक पेटी ग्रामसंघाच्या कपाटात असते आणि तिची किल्ली दोघींकडं असते.

ऐकणाऱ्या मैत्रिणींना उपयोगी पडेल अशी थोडी ओळख सांगतो. पाना हातात घ्यायच्या आधी हापशाची नाडी बघता येते. तेलाचा १५ लिटरचा डबा घ्या. दांडा पूर्ण खालीवर करत ४० वेळा मारा. चांगल्या मार्क दोननं तेवढ्यात डबा भरायला हवा. अर्धाच भरला तर वॉशर झिजला असणार. सकाळी पहिल्यांदा मारताना पाणी यायला खूप वेळ लागतो, पण एकदा आलं की नीट येतं? मग खालची झडप गळते आहे, नाहीतर पाईपच्या जोडात गळती आहे. रात्रभर पाणी खाली उतरतं. दांडा अगदी मोकळा फिरतो आणि पाण्याचा थेंब नाही? साखळी तरी तुटली, सळई तरी सुटली. साखळी वरच्या डोक्यात असते, झाकणाचा एक बोल्ट काढला की दिसते. दांडा डावीकडं-उजवीकडं डुलतो, कर्रकर्र आवाज येतो? बेअरिंग बघायला हवं. आणि महिन्यातून एकदा सगळे बोल्ट आवळणं आणि साखळीला ग्रीस लावणं एवढं जरी केलं तरी निम्मी दुखणी टळतात. मिस्त्रीला फोन करताना “हापसा बंद आहे” असं न सांगता “साखळी शाबूत आहे, डबा अर्धा भरतो, वॉशर घेऊन या” असं सांगितलं तर तो एकाच फेरीत काम करून जातो.

हा प्रश्न आपल्या एकट्यांचा नाही. आपल्यासारख्याच गरीब देशांनी आपापल्या परीनं उत्तरं काढली आहेत. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत ‘बुश पंप’ म्हणून एक पंप आहे. त्याची पहिली रचना १९३३ सालची. त्याच्या दांड्याचा सांधा लाकडाच्या ठोकळ्याचा असतो, तेल पाजलेल्या कठीण लाकडाचा. लाकूड झिजलं तर दुसरा ठोकळा. तो देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी हाच पंप सुधारून देशाचा पंप म्हणून घेतला. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात दोराचा पंप गाजला. पाईपमधून एक दोर फिरतो, त्याला ठरावीक अंतरावर चकत्या बांधलेल्या. वरचं चाक हातानं फिरवलं की चकत्या पाणी वर ढकलत आणतात. ते चाकही जुन्या टायरच्या कडा कापून बनवतात. आपल्या रहाटगाडग्याची बहीणच म्हणा. गावातला मिस्त्री तो बनवतो, म्हणून गावातच तो दुरुस्त होतो. मलावी आणि केनिया या देशांत काम होऊन ‘आफ्रिदेव’ नावाचा पंप तयार झाला. केनियातल्या क्वाले भागात त्याच्या चाचण्या चालू असताना बायकांच्या गटांनाच देखभाल शिकवली गेली. त्या पंपाची बेअरिंगं प्लॅस्टिकची असतात, फारशा अवजारांशिवाय बदलता येतात.

आणि उलटंही घडलं. आपला मार्क दोन आफ्रिकेत गेला तेव्हा काही ठिकाणी तिथल्या आंबट गुणाच्या पाण्यानं लोखंडी पाईप गंजले. काही ठिकाणी सुटं सामान पोचलंच नाही आणि पंप उभ्या उभ्या भंगार झाले. म्हणजे आपल्याला परदेशी बिडाच्या पंपानं जो त्रास दिला, तोच त्यांना आपल्या पंपानं दिला. जिथं तिथल्या लोकांनी पाईप बदलले, दुकानात सामान ठेवलं, माणसं तयार केली, तिथं तोच पंप चांगला चालला. यंत्राचा जन्म कुठं झाला यापेक्षा सध्या ते जिथं उभं आहे तिथं त्याचं कोण आहे, यावर ते टिकतं.

काही मैत्रिणी म्हणतील, आता हापसा कशाला? घरोघरी नळ आले. खरं आहे. २०१९ च्या १५ ऑगस्टला जल जीवन मिशन जाहीर झालं, तेव्हापासून पुष्कळ घरांत तोटी आली. आम्हालाही नळच हवा. डोक्यावरून पाणी वाहण्यात कसला आलाय मोठेपणा. पण आपण सगळ्याजणी जाणतो, वीज गेली की नळ मुका होतो. मोटार जळली की चार दिवस. पाईप फुटला की आठ दिवस. तेव्हा सगळ्यांची पावलं हापशाकडंच वळतात आणि तोही बंद असेल तर टँकरची वाट. म्हणून नळ आला तरी हापसा चालू ठेवायचा. एकाच बोअरमध्ये वर हापसा आणि आत सौर मोटार, अशी दुहेरी पंपाची योजना आपल्या राज्यात वाड्या-वस्त्यांवर राबवलेली आहे. तीही याच हापशाची पुढची पिढी.

आणि नळयोजनेतही तोच प्रश्न आहे. मोटार, स्टार्टर, सौर पॅनेल, सगळं आलं. बिघडलं की कुणाला विचारायचं? जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे आपल्याला माहीत आहे का? किट कपाटात आहे की वापरात आहे?

बचत गट आता पिठाची गिरणी घेतात, मिरची कांडप घेतात, शेवयांचं यंत्र, शिलाई मशीन घेतात. कर्ज काढून घेतात. विक्रेता रंगीत कागद दाखवतो, फोटो काढतो आणि जातो. मग एक पट्टा तुटतो आणि यंत्रावर गोधडी पडते. हप्ता मात्र चालूच. तेव्हा आमचं सांगणं एवढंच आहे की कुठलंही यंत्र घेण्याआधी पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं गटाच्या वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न. हे उघडता येतं का, की पेटी सीलबंद आहे? उघडलं तर हमी जाते का?

दुसरा. यात लवकर झिजणारा भाग कुठला? प्रत्येक यंत्रात असा एक वॉशर असतोच. त्याचं नाव आणि माप लिहून घ्या.

तिसरा. तो भाग आपल्या बाजाराच्या गावी मिळतो का? फक्त एकाच कंपनीचा चालतो, की कुणाचाही बसतो?

चौथा. दुरुस्ती शिकवाल का? गटातल्या दोघींना, एकीला नव्हे. एकटी लग्नाला गेली, बाळंतपणाला गेली तर काम अडू नये.

पाचवा. बिघडलं तर कोण येणार, किती दिवसांत येणार? कागदावर लिहून द्या.

या पाच प्रश्नांना जो विक्रेता हसत उत्तरं देईल त्याच्याकडून घ्या. जो “ताई, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही” म्हणेल त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

जालन्या-सोलापूरच्या त्या वर्कशॉपमध्ये जे घडलं ते काही जादूनं घडलं नाही. मोडलेली वस्तू फेकून न देता तिथल्या लोकांनी ती खोलून बघितली, कुठं मोडते ते शोधलं आणि तेवढी जागा बदलली. ही अक्कल आपल्याकडं नाही का? जात्याला खुंटा ठोकणारी, चुलीचा वैल धूर बघून फिरवणारी, कणगीला शेणामातीनं लिंपताना भेग कुठं पडेल हे आधीच ओळखणारी बाई रोज तेच करत आली आहे. फक्त लोखंडाच्या यंत्रापुढं आलो की आपण दोन पावलं मागं सरतो. ती दोन पावलं मागं सरायचं आता थांबवू या.

तर या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन कामं करा. आपल्या गावातले हापसे मोजा. किती चालू, किती बंद, किती दिवसांपासून, हे वहीत लिहा. डबा घेऊन जा आणि ४० वेळा मारून बघा. आणि ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा, त्याचबरोबर दोन महिलांना हापसा दुरुस्तीचं आणि दोघींना नळयोजनेच्या मोटारीचं प्रशिक्षण मिळावं असा ठराव मांडा. ठरावाची नक्कल मागून घ्या, ती गटाच्या फाईलला लावा.

तुमच्या वहीत काय निघालं ते आम्हाला रेडिओवर येऊन सांगा. पुढच्या खेपेला आमच्या त्या चौघींपैकी दोघी इथं येतील आणि हापशाचं झाकण उघडण्यापासून साखळीला ग्रीस लावण्यापर्यंतचं काम एकेक पायरी करून समजावतील. वही-पेन घेऊन बसा, आणि घरात जुना पाना पडला असेल तर तोही शोधून ठेवा.